छपरावरचा दांडा, खणातलं वेटोळं

गॅरेजमध्ये त्यांना सगळे वेटोळे म्हणत. हे आडनाव नव्हे. आडनाव चारचौघांसारखं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बस असो, ट्रक असो की रुग्णवाहिका, गाडीचं वायरिंग त्यांच्या हातून गेलं की तिच्या कुठल्या तरी कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या मागे किंवा सीटखाली, उरलेल्या वायरीचं गोल वेटोळं सापडायचंच. नीट गुंडाळलेलं, प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांनी बांधलेलं. दुसऱ्या गॅरेजातले मिस्त्री ते पाहून सांगायचे, गाडी कुणाच्या हाताखालून आलीय.

वेटोळे वायर कापत नसत. त्याला कारण होतं. कामाला लागून वर्ष झालेलं असताना त्यांनी एका बसच्या हेडलाइटची वायर हातभर आखूड कापली होती. मग तुकडा जोडला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि कुणाला सांगितलं नाही. जोड तापला, वितळला आणि बस एका वळणावर आंधळी झाली. ड्रायव्हर जुना होता, गाडी नुसती मातीच्या ढिगात घुसली, कुणाला खरचटलंही नाही. त्यांच्या वस्तादाने जळका जोड काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि जेवायला निघून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं वेटोळे नंतर बायकोला म्हणाले होते. तो जोड अजून त्यांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी आहे, नटबोल्टच्या डबीत. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत जास्तीची वायर गेली ती वेटोळ्यात.

त्यांची मुलगी डोळे तपासणाऱ्या व्हॅनवर काम करते. रुग्णालयाची ही व्हॅन आठवड्यातून चार दिवस लांबच्या गावांत जाते. मुलगी लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकते, बाहुली मोठी झाली की यंत्राने आतल्या पडद्याचा फोटो काढते. फोटो बघून निदान करायचं काम शहरात बसलेल्या डॉक्टरीणबाईंचं. अडचण अशी की व्हॅन जाते तिथे इंटरनेट नाही. फोटो व्हॅनबरोबर संध्याकाळी परत यायचे, दुसऱ्या दिवशी बघितले जायचे, आणि मग त्या माणसाला निरोप धाडायचा.

असाच एका सुताराला निरोप धाडला होता. फोटोत त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा फाटायला लागलेला दिसत होता. फोटो मंगळवारचा, निरोप शुक्रवारी पोचला. गुरुवारी सुताराने एक जड दार एकट्याने उचललं होतं. तो डोळा गेला.

त्यानंतर रुग्णालयाच्या बैठकीत ठरलं की व्हॅनवर लांब पल्ल्याची अँटेना बसवायची. पुढच्या गुरुवारी त्याच सुताराच्या गावात फेरी होती. फोटो तिथूनच पोचले आणि पेशंट समोर असतानाच निदान झालं, तर फेऱ्या चालू राहणार. नाहीतर व्हॅन रक्तपेढीला द्यायची आणि गावकऱ्यांनी बस पकडून शहरात यायचं. मुलीची बदली नोंदणीच्या खिडकीवर.

अँटेना बसवायला कंपनीचा माणूस येणार होता. मुलीनेच बैठकीत सांगितलं, "माझे बाबा बसवतील. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नाही." हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा वेटोळे नुसतं "हं" म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी भाताला दोनदा चांगलं म्हटलं, हे बायकोच्या लक्षात आलं.

सोमवारी व्हॅन गॅरेजच्या आवारात आली. खोक्यातून हातभर लांबीचा पांढरा दांडा निघाला, त्याची पोलादी बैठक, राउटरची काळी पेटी, दहा मीटर काळी केबल आणि एक पिशवी. पिशवीत राउटरचे दोन छोटे शिंगांसारखे दांडे आणि केबलच्या टोकाला लावायची दोन सुटी पितळी टोपणं होती. माहितीपत्रक बारीक अक्षरांत होतं. वेटोळ्यांनी ते चष्म्याजवळ धरलं, लांब धरलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

दांडा त्यांनी छपराच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात बसवला. तिथे शिडीचा आधार होता. छपराला भोक पाडलं, कडेला रबर लावलं, वर पाणी ओतून बघितलं. थेंब आत आला नाही. केबल छताच्या आतून, भिंतीच्या पन्हाळीतून पुढे आणली. राउटर ठेवायला त्यांनी ड्रायव्हरच्या सीटमागचा कुलपाचा खण निवडला.

"बाबा, इथे वरच्या फळीवर ठेवा ना पेटी," मुलगी म्हणाली. फळी दांड्याच्या बरोबर खाली होती. "डोळ्यासमोर राहील."

"डोळ्यासमोर राहील आणि दहा जणांचा हात लागेल. धूळ, धक्के. खण बरा."

"आणि एवढी केबल?"

लागणार होती चार मीटर. उरलेल्या सहा मीटरचं त्यांनी तळहाताएवढं घट्ट वेटोळं केलं, दोन पट्ट्या आवळल्या आणि पेटीशेजारी ठेवलं. खणात ते इतकं चपखल बसलं की जणू खण त्याच्यासाठीच केला होता.

राउटर चालू केला. पाचपैकी पाच रेघा. मुलीने जुना एक फोटो पाठवून बघितला, पापणी मिटायच्या आत पलीकडे पोचला. गॅरेजचे लोक जमले. मालक म्हणाले, "वेटोळे, आता तुम्ही आकाशातलं काम घ्यायला लागलात." वेटोळ्यांनी फडक्याने हात पुसले. मोबाइलचा टॉवर गॅरेजच्या मागच्याच इमारतीवर होता आणि तिथे एखादा खिळा छपरावर उभा केला असता तरी रेघा दिसल्या असत्या, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी व्हॅनचा ड्रायव्हर दुसऱ्या गावच्या फेरीवरून परत आला तो हसतच.

"तुमचा दांडा बाहेरगावी मान टाकतो," तो म्हणाला. "शहराची वेस ओलांडली आणि चार रेघा, तीन, एक. मग नुसतं लाल."

"बैठक सैल झाली असेल."

"दांडा ताठ आहे हो. आतलं अवसान गेलंय."

वेटोळ्यांनी बैठक पुन्हा घट्ट केली. बुधवारी व्हॅन पुन्हा गेली आणि पुन्हा लाल दिवा घेऊन आली. संध्याकाळी त्यांनी दांड्याखाली पत्र्याचा मोठा तुकडा बसवला, कारण कुणीतरी सांगितलं होतं की खाली लोखंड जास्त लागतं. केबलचं टोपण काढून घासलं, परत लावलं. अर्थिंगची वायर बदलली. राउटर बंद करून चालू केला, असं सहा वेळा. मुलगी पायरीवर बसून बघत होती.

"बाबा, कंपनीला फोन करू या का?"

"कशाला? ते सांगणार बंद करा, चालू करा. ते मी करतोच आहे."

"उद्या गुरुवार आहे."

"मला वार कळतात, बाई."

वडील तिला 'बाई' म्हणायला लागले की बोलण्यात अर्थ नसतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

गुरुवारी वेटोळे रजा टाकून व्हॅनबरोबर गेले. मागच्या सीटवर, हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन. ड्रायव्हरने गाणी लावली, मुलीने बंद केली. साडेनऊला व्हॅन गावच्या शाळेच्या आवारात उभी राहिली. टॉवर तिथून चौदा किलोमीटरवर, टेकडीच्या अलीकडे. लोक बाकांवर येऊन बसले होते, एकोणीस जण. पहिला नंबर सुताराचा. उजव्या डोळ्यावर काळी काच असलेला चष्मा, शर्टाच्या खिशात पेन्सिल.

"काय ताई," तो मुलीला म्हणाला, "या वेळी माझा फोटो चालत जाणार की गाडीने?"

मुलीचं तोंड उतरलं. "या वेळी इथूनच जाईल, दादा."

"बघू. एकच उरलाय, म्हणून विचारलं."

तिने त्याच्या डाव्या डोळ्यात थेंब टाकला, अर्ध्या तासाने फोटो काढला आणि पाठवायचं बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. खणातल्या पेटीवर लाल दिवा.

डॉक्टरीणबाई दोनपर्यंत फोटोंची वाट बघणार होत्या. दोनला त्यांना शस्त्रक्रियागृहात जायचं होतं.

वेटोळे छपरावर चढले. दांडा डावीकडे कलवला, उजवीकडे कलवला, वर सरकवला. "आता?" ते वरून ओरडायचे. "लाल," मुलगी आतून ओरडायची. "आता?" "लाल!" बाकावरचे लोक मान वर करून बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, "वरून एकदा देवालाच विचारा, म्हणजे मधला माणूस नको." लोक हसले. वेटोळ्यांच्या हातातला पाना निसटला आणि काचेच्या कडेवरून खाली गेला. काच वाचली. पण मिस्त्रीच्या हातून पाना सुटणं ही काय गोष्ट असते, ते मिस्त्रीलाच माहीत. साडेअकराला ते खाली उतरले. शर्ट पाठीला चिकटलेला, गुडघ्याला पत्र्याची काळी रेघ.

"अँटेनाच खराब आहे," ते म्हणाले. "माल खराब दिलाय."

मुलीने खण उघडला, पेटीतून केबल फिरवून काढली, पिशवीतली दोन छोटी शिंगं काढून पेटीला लावली आणि पेटी हातात धरून व्हॅनच्या दारात उभी राहिली. लाल दिवा विझला. एक हिरवी रेघ आली, थरथरली, टिकली.

"बघा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "ही बोटभर शिंगं एक रेघ पकडतात. तुमचा हातभर दांडा छपरावर उभा राहून शून्य पकडतो. दांडा खराब असेलही बाबा. पण दांडा आणि पेटी यांच्या मध्ये जे काही आहे, ते तुम्ही तीन दिवसांत एकदा तरी बघितलंत?"

"मध्ये काय आहे? केबल आहे. अखंड आहे. कुठे जोड नाही, कुठे पीळ नाही."

"मी फोन करतेय."

एका रेघेवर फोटो जाईना, पण बोलण्यापुरती रेंज शाळेच्या पायऱ्यांवर होती. तिने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला, दहा मिनिटं संगीत ऐकलं, मग एका तरुण मुलीचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. सुतार, ड्रायव्हर आणि बाकावरचे दोघेतिघे जवळ सरकले. वेटोळे जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले.

"अँटेनापासून राउटरपर्यंत केबल किती मीटर आहे?" आवाजाने विचारलं.

हा प्रश्न वेटोळ्यांच्या आवडीचा होता. "पूर्ण दहा," ते पुढे होऊन म्हणाले. "एक इंच कापलेली नाही. लागत होती चार, बाकीची गुंडाळून बाजूला ठेवलीय. व्यवस्थित."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"सर, माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलंय. केबल शक्य तितकी आखूड ठेवा. या केबलमध्ये दर मीटरला सिग्नल कमी होतो. अँटेना जे पकडते ते दहा मीटरमध्ये संपून जातं. टॉवर जवळ असेल तर कळत नाही. लांब असेल तर काही उरत नाही. म्हणून दोन सुटी टोपणं दिली आहेत. कापून लावायला."

"पाणी आहे का ते, वाटेत झिरपायला?" वेटोळे म्हणाले.

"साधारण तसंच आहे, सर."

मुलीने आभार मानले आणि फोन बंद केला. 

वेटोळ्यांना सर्वात जास्त झोंबलं ते वेगळंच. लांब आणि बारीक वायरीत दिवा मंद होतो, हे ते स्वतःच गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवत आले होते. बॅटरी ट्रकच्या शेपटाला आणि दिवा तोंडाला असेल तर जाड वायर घाला, नाहीतर उजेड वाटेतच संपेल, हे त्यांचंच वाक्य. तीन दिवस त्यांनी दांडा, बैठक, पत्रा, टोपण, अर्थिंग, सगळ्यावर संशय घेतला होता. वेटोळ्यावर नजरही टाकली नव्हती. स्वतःच्या हातावर कोण संशय घेतं?

ते व्हॅनमध्ये गेले. खणातून वेटोळं बाहेर काढलं, पट्ट्या तोडल्या. केबल पन्हाळीतून मागे ओढली. वरच्या फळीवरचे मुलीचे कागद आणि डोळे तपासायच्या काचांची पेटी सीटवर ठेवली आणि राउटर फळीवर ठेवून बघितला. दांड्यापासून सव्वा मीटर. 'मी सोमवारीच म्हटलं होतं' हे वाक्य मुलीच्या ओठांवर होतं आणि वेटोळ्यांना ते तिच्या तोंडावर छापल्यासारखं दिसत होतं.

पक्कड केबलवर ठेवली. सव्वा मीटरवर खूण केली. थोडी पुढे केली. पुन्हा थोडी पुढे.

"साडेबारा," मुलगी म्हणाली.

"माहितीय."

"बाबा, कापा."

"टोपणं दोनच आहेत. दोन्ही बिघडली तर केबल गेली, अँटेना गेली, व्हॅन गेली. कापलेली परत लांब होत नाही, कळतंय का तुला?"

सुतार दारात उभा होता. थेंबामुळे त्याला धड काही दिसत नव्हतं, हात कपाळावर आडवा धरून तो आत बघायचा प्रयत्न करत होता. "लाकूडही कापलेलं परत लांब होत नाही, मिस्त्री," तो म्हणाला. "म्हणून आम्ही काय, अख्खं झाड चौकटीत बसवतो?"

ड्रायव्हर फसकन हसला. वेटोळ्यांनी पक्कड दाबली. आवाज अगदी लहान झाला.

पहिलं टोपण बिघडलं. केबलच्या आत मधोमध एक तांब्याची तार असते आणि तिच्याभोवती केसांसारख्या तारांची जाळी. जाळीचा एक केस मधल्या तारेला चिकटला होता. दिवा लालच. वेटोळ्यांनी टोपण कापून टाकलं, म्हणजे आणखी बोटभर केबल गेली. तोंडातून एक शिवी बाहेर पडली, ती त्यांनी आयुष्यात मुलीसमोर कधी उच्चारली नव्हती. ती तिने ऐकली नाही, असं दोघांनीही धरून चालायचं ठरवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढला, केबल नाकाशी धरली आणि जाळीचा केसन् केस मागे वळवला. मुलीने यंत्राचा दिवा त्यांच्या हातावर धरला. 

एक वाजून दहा मिनिटांनी तीन हिरव्या रेघा आल्या.

पाच नाही, तीन. सुताराचा फोटो पहिला गेला. चक्र अडीच मिनिटं फिरलं आणि थांबलं. वेटोळे पेटीकडे असे बघत होते, जणू ती कुठल्याही क्षणी शब्द फिरवील. दुसरा फोटो, तिसरा. मध्येच रेघा दोनवर आल्या, परत तीन झाल्या. दीडला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मुलगी शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन बोलली आणि परत येऊन सुतारासमोर बसली.

"दादा, याही पडद्याला एक जागा विरलीय."

सुताराने खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली. "म्हणजे हाही?"

"नाही. अजून फाटलेला नाही. लेसरने कड पक्की करायची, आजच. डॉक्टर चारला मोकळ्या होतात. तुम्ही आमच्याबरोबर व्हॅनमधूनच चला. आणि काही उचलू नका. पिशवीसुद्धा नाही."

"बायकोला सांगायला हवं."

"सांगा. पण चालत जा, धावू नका."

दोन वाजेपर्यंत एकोणीसपैकी अकरा जणांचे फोटो गेले. बाकीच्या आठांतले पाच जण तोवर कंटाळून घरी गेले होते, एक बाई चिडून गेली होती. मुलीने आठही नावं वहीत लिहिली, नावांपुढे पुढची तारीख घातली. तिने पुन्हा फोन लावून डॉक्टरीणबाईंना आकडा सांगितला. फेऱ्या महिनाभर चालू ठेवू, मग बघू, असं त्या म्हणाल्या. कौतुक केलं नाही, रागावल्याही नाहीत. मुलीने हे वडिलांना जसंच्या तसं सांगितलं.

"अकरा," वेटोळे म्हणाले.

"एकोणीस झाले असते," मुलगी म्हणाली.

वेटोळ्यांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली. नटबोल्टची डबी हातात आली, ती त्यांनी उघडली नाही.

परतीच्या वाटेवर मुलगी ड्रायव्हरशेजारी बसली. मागे सुतार आणि वेटोळे. सुताराने डोक्यामागे उशी घेतली होती, मान हलू नये म्हणून. वरच्या फळीवर पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि तिथून हटवलेली काचांची पेटी वेटोळ्यांच्या पायाशी दर खड्ड्याला वाजत होती. त्यांच्या मांडीवर आठ मीटरहून जास्त काळी केबल होती. एकीकडचं मूळचं टोपण शाबूत, दुसरीकडे नुसती कापलेली कड. त्यांनी ती नकळत गुंडाळून घट्ट गोल केली होती, आणि आता ते खिशात प्लास्टिकच्या पट्ट्या शोधत होते.

"एवढ्याचं काय करणार?" सुताराने न बघताच विचारलं.

"लागेल कुठेतरी."

पुढून मुलीचा आवाज आला. तिने मान वळवली नव्हती.

"बाबा, माझ्या व्हॅनमध्ये नाही."